हद्दपारांचा स्वयंपाक

चिनी घरांतून आणि खाणावळींतून रात्रीच्या वेळी दिसणारे एक साधे जेवण आहे. खोल वाडग्यात गव्हाच्या पिठाच्या लांबच लांब शेवया, त्यांवर वाफाळता रस्सा, आणि वर डुकराच्या मांसाचे दोन-चार चौकोनी, तांबूस, काडीने दाबले तरी सुटतील इतके मऊ तुकडे. या शेवयांना आज जगभर नूडल म्हणतात. ताज्या शेवया शिजण्यास दोन-तीन मिनिटे पुरतात. मांसाला मात्र मंद आचेवर दोन-तीन तास बसावे लागते. एकाच वाडग्यात घाई आणि धीर असे शेजारी शेजारी नांदत असतात.

इतके मऊ आणि चकचकीत मांस पाहून ते एखाद्या राजवाड्याच्या मुदपाकखान्यात जन्मले असावे, असा कोणाचाही समज होईल. इतिहासाची साक्ष मात्र निराळी आहे. या मांसाला प्रतिष्ठा मिळवून दिली ती सर्वस्व गमावलेल्या एका हद्दपार अधिकाऱ्याने. गव्हाच्या शेवयांची चटक दक्षिणेत वाढवली ती उत्तरेकडून पळून आलेल्या निर्वासितांनी. आणि हे दोन्ही पदार्थ समुद्रापार नेले ते पोटासाठी घर सोडलेल्या माणसांनी. श्रोत्यांपैकी अनेकांच्या घरी हे मांस वर्ज्य आहे. परंतु एखाद्या जेवणाची कहाणी ऐकण्यासाठी ते जेवण जेवलेच पाहिजे असे थोडेच आहे!

आधी शेवयांची गोष्ट पाहू. पीत नदीच्या वरच्या खोऱ्यात, चिंगहाई प्रांतात, लाजिया नावाचे एक प्राचीन गाव भूकंपाने आणि पुराने गाडले गेले होते. तेथील उत्खननात मातीचा एक पालथा पडलेला वाडगा सापडला. तो उचलताच त्याखाली पिवळसर, बारीक, लांब शेवया दिसल्या. सुमारे ४००० वर्षांपूर्वीच्या या शेवयांचा वृत्तांत २००५ साली प्रसिद्ध झाला. त्या गव्हाच्या नसून राळ्यासारख्या बारीक भरड धान्यांच्या असल्याचे संशोधकांनी सांगितले. अशा धान्याच्या पिठाला चिकटपणा नसताना इतकी लांब शेवई कशी निघाली, यावर पुढे विद्वानांत वादही झाला. पण गव्हाच्या शेवयांची लेखी कृती पाहावयाची तर सहाव्या शतकात यावे लागते. जिया सिश्ये नावाच्या एका अधिकाऱ्याने शेतीवर जो मोठा ग्रंथ लिहिला, त्यात ती आहे. चाळलेले पीठ निवलेल्या मांसाच्या रश्श्यात मळावे, काडीएवढ्या जाडीच्या वळ्या कराव्या, त्या वीतभर लांबीच्या तोडून पाण्यात ठेवाव्या आणि भांड्याच्या काठाशी दाबून पातीसारख्या पातळ करून उकळत्या पाण्यात सोडाव्या, अशा आशयाची ती कृती. पंधराशे वर्षांपूर्वीचा हा मजकूर आजच्या गृहिणीलाही परका वाटू नये.

त्यानंतर पाचशे वर्षांनी सुंग घराण्याच्या अमलात काइफंग ही जगातील एक अत्यंत गजबजलेली राजधानी बनली. रात्री उशिरापर्यंत उघडी असणारी दुकाने, शेवयांच्या खाणावळी, मांसाचे बाजार यांनी ती भरलेली असे. त्या नगरीच्या आठवणी मंग युआनलाओ या लेखकाने पुढे लिहून ठेवल्या. शहराच्या दक्षिणेकडील एका वेशीतून रोज संध्याकाळी डुकरांचे प्रचंड कळप आत हाकले जात आणि त्यांना आवरायला अवघी दहा-बारा माणसे असत, असे तो सांगतो. ही डुकरे सामान्य प्रजेच्या पोटासाठी होती. राजाच्या मुदपाकखान्यात मान होता तो मेंढ्याच्या मांसाला. इ. स. १०७७ च्या सरकारी हिशेबात राजवाड्यासाठी मेंढ्याचे मांस ४ लाख ३४ हजार चिनी शेरांहून अधिक खर्ची पडले आणि डुकराचे अवघे ४ हजार १००च्या आसपास, अशी नोंद आहे. शंभराला एक, असे हे प्रमाण. मेंढरे सरहद्दीपलीकडून, खितान लोकांच्या राज्यातूनही विकत आणावी लागत. डुक्कर परसात उष्ट्याखरकट्यावर वाढे. जे दुरून आणि महागात येते त्याला प्रतिष्ठा, आणि जे दारात सापडते त्याला अवहेलना, हा मनुष्यस्वभाव तेथेही चुकला नव्हता.

याच काळात सू शी हा पुरुष होऊन गेला. त्याचा जन्म १०३७ साली सिचुआनमधील मेईशान येथे झाला. विशीतच, १०५७ साली, तो राजधानीतील सर्वोच्च परीक्षा उत्तीर्ण झाला. कवी, निबंधकार, सुलेखनकार आणि प्रशासक म्हणून त्याची कीर्ती झाली. पण मंत्री वांग आन्शी याने सुरू केलेल्या नव्या आर्थिक धोरणांवर त्याने उघड टीका केली, आणि ती कवितेतूनही केली. दूरच्या जिल्ह्यांतून तो अधिकारी म्हणून फिरत राहिला. शूझोऊ येथे असताना लोकांना हिवाळ्यात सरपणाची किती ददात पडते हे त्याने पाहिले; १०७८ साली माणसे पाठवून त्या भागात दगडी कोळसा शोधून काढविला आणि त्या शोधावर कविताही लिहिली. सरपणाची किंमत ओळखणारा हा अधिकारी पुढे मंद आचेचा पुरस्कर्ता व्हावा, यात एक सुसंगती आहे.

१०७९ साली त्याच्यावर संकट कोसळले. त्याच्या कवितांतून राजाची निंदा केली आहे, असा आरोप ठेवून त्याला पकडून राजधानीत आणले गेले. ज्या कार्यालयाने हा आरोप चालविला त्याच्या आवारातील झाडांवर कावळ्यांची वस्ती असे, अशी जुनी प्रसिद्धी होती. म्हणून इतिहासात हा कावळ्यांच्या चौथऱ्याचा खटला म्हणून ओळखला जातो. शंभराहून अधिक दिवस सू शी तुरुंगात होता. त्याच्या कवितांच्या ओळी एकेक करून वाचल्या जात आणि त्याला अर्थ विचारला जाई. देहान्ताची शिक्षा होणार, अशीच सर्वांची समजूत होती. अखेर प्राण वाचले, पण पद गेले. १०८० च्या आरंभी यांगत्से नदीकाठच्या हुआंगझोऊ या लहान गावी त्याला पाठविण्यात आले. नावाला एक हुद्दा होता. अधिकार काही नव्हता, आणि पूर्वीचा पगारही बंद झाला होता. मागाहून बायकामुलांचे मोठे कुटुंब येऊन पोचले.

त्या दिवसांत तो घरखर्च कसा चालवी, याचे वर्णन त्याने आपल्या एका तरुण स्नेह्याला लिहिलेल्या पत्रात आले आहे. दर महिन्याच्या पहिल्या दिवशी तो ४५०० नाणी काढी, त्यांचे ३० भाग करी आणि ते घराच्या तुळईला टांगून ठेवी. रोज पहाटे लांब काठीने एक भाग खाली उतरवायचा आणि काठी लपवून ठेवायची! दिवसाला १५० नाण्यांहून अधिक खर्च होता कामा नये, हा दंडक. त्यातूनही काही उरले तर ते बांबूच्या नळकांड्यात टाकायचे, म्हणजे पाहुणा आला तर त्याचा पाहुणचार करता येईल. राज्याचा कारभार पाहिलेल्या माणसाने तुळईखाली उभे राहून दिवसाचा खर्च काढीत असावे, हे चित्र करुण खरे. पण पाहुण्याचा वाटा त्या नळकांड्यात बाजूला पडत होता, हेही विसरता येत नाही.

पुढच्या वर्षी एका मित्राच्या खटपटीने त्याला गावाबाहेर लष्करी छावणीची पडीक जमीन कसायला मिळाली. सुमारे ५० मू, म्हणजे आपल्या हिशेबाने सातेक एकर. दगडगोट्यांनी आणि काट्यांनी भरलेली ती जमीन त्याने साफ केली. जव पिकवला आणि तांबड्या कडधान्याबरोबर शिजवून घरच्यांना खाऊ घातला. ही जमीन पूर्वेकडील उतारावर होती. त्यावरून त्याने आपले नाव पूर्वेचा उतार, म्हणजे चिनी भाषेत डोंगपो, असे ठेवले. आणि याच नावाने चिनी माणूस त्याला आजही ओळखतो.

या गावात एक गोष्ट स्वस्त होती. डुकराचे मांस तेथे चांगले मिळे आणि भाव नगण्य असे, कारण सधन लोक ते घेत नसत आणि सामान्य घरांतून ते नीट शिजविण्याची रीत नव्हती. डोंगपोने ही उणीव भरून काढली. या मांसावर त्याने एक लहानशी विनोदी रचना केली आणि तीत पाककृतीच गोवली. तिचा सारांश फार थोडा आहे: भांडे स्वच्छ असावे, पाणी कमी असावे, विस्तव दबलेला असावा, आणि घाई मुळीच करू नये. मसाल्यांची यादी तीत नाही. वेळ हाच तिच्यातला मसाला. ज्याच्याजवळ पैसा नाही, सत्ता नाही, बाजारातला उत्तम जिन्नस नाही, त्याच्याजवळ एकच गोष्ट मुबलक होती. ती त्याने भांड्यात घातली.

या रीतीत केवळ कवीची लहर नव्हती. कष्ट करणाऱ्या अंगाच्या किंवा पोटाकडच्या मांसात स्नायूंना बांधून ठेवणारे चिवट तंतू आणि जाड कातडी असते. खळखळत्या पाण्यात ते मांस भराभर उकळले तर तंतू आकसतात, रस पिळून बाहेर जातो आणि मांस वातड होते. परंतु पाणी उकळीच्या जरा खाली, नुसते थरथरत राहील इतक्याच आचेवर ते दोन-तीन तास ठेवले की चिवट तंतू हळूहळू विरघळून सरसासारखे मऊ होतात. तोच पदार्थ रश्श्याला दाटपणा आणि चमक आणतो. म्हणजे ज्या चिवटपणामुळे हे मांस स्वस्त, त्या चिवटपणाचेच रूपांतर धीराने मार्दवात होते.

आज ज्याला डोंगपोचे मांस म्हणतात त्याची रीत यापुढे गेलेली आहे. पोटाकडचे, कातडीसकट, एकाआड एक चरबी आणि मांस असलेले तुकडे घेतात. ते एकदा पाण्यात उकळून फेस काढून टाकतात. जाड बुडाच्या मातीच्या भांड्यात कांद्याची पात आणि आल्याचे काप पसरून त्यांवर तुकडे कातडी खाली करून लावतात. त्यांत शाओशिंगचे तांदळाचे मद्य, सोया सॉस आणि खडीसाखर घालतात. पाणी जवळजवळ नसतेच. झाकण घट्ट बसवून दोन तास मंद आचेवर ठेवतात, मग तुकडे उलटे करून पुन्हा वाफवतात. रात्रीच्या जेवणासाठी हे करावयाचे तर दुपार कलतानाच भांडे चुलीवर चढले पाहिजे. वाढण्याच्या वेळी मोठ्या पातेल्यात पाणी खळखळू द्यावे, शेवया सोडाव्या, दोन-तीन मिनिटांत उपसाव्या, वाडग्यात हाडांचा गरम रस्सा आणि मांसाच्या भांड्यातील दाट रस पळीभर घालून ढवळावे, वर उकडलेली पालेभाजी आणि मांसाचे तुकडे ठेवावे. मांसाला वाट पाहण्याची सवय असते, शेवयांना नसते. म्हणून पंगत बसल्यावरच शेवया सोडाव्या, ही जाणत्यांची शिकवण.

पुढे दिवस पालटले. १०८९ साली डोंगपो हांगझोऊचा मुख्य अधिकारी झाला. तेथील पश्चिम सरोवर गाळाने आणि पाणवनस्पतींनी भरून चालले होते. त्याने ते उपसविले आणि निघालेल्या गाळाचा लांब बांध घातला. तो बांध त्याच्या नावाने अजून उभा आहे. कृतज्ञ लोकांनी त्याला मांस आणि मद्य भेट दिले, त्याने ते शिजवून कामकऱ्यांना वाटावयास सांगितले, आणि ऐकण्यातल्या चुकीने आचाऱ्याने मद्य मांसातच ओतले, अशी दंतकथा हांगझोऊचे लोक आवडीने सांगतात. दंतकथा म्हणूनच ती ऐकावी. मिंग काळातील शेन दफू या लेखकाने मात्र न चिरता शिजवलेल्या मोठ्या तुकड्यांना डोंगपोचे मांस म्हणतात, असे नोंदविले आहे. म्हणजे चारशे वर्षांमागे हे नाव रूढ झाले होते, यात शंका नाही.

दैव पुन्हा फिरले. १०९४ साली त्याला दक्षिणेत हुईझोऊ येथे आणि १०९७ साली समुद्रापलीकडे हैनान बेटावर पाठविण्यात आले. त्याचा धाकटा भाऊ सू चे हाही हद्दपार झाला होता. वाटेत दोघा भावांची गाठ पडली. पुढे लू यू या कवीने एक आख्यायिका नोंदवून ठेवली आहे. रस्त्याकाठी एकजण रश्श्यातल्या शेवया विकत होता. दोघांनी त्या घेतल्या. त्या इतक्या जाड्याभरड्या होत्या की धाकट्याने हातातल्या काड्या खाली ठेवून उसासा टाकला. थोरल्याने तोवर वाडगा रिकामा केला होता. अजून चव पाहत बसला आहेस काय, अशा अर्थाचे काही बोलून तो हसला आणि उठला. याच प्रवासात दोघांची ताटातूट झाली ती कायमची. मांस मंद आचेवर तासन्‌तास शिजविणारा हा रसिक, प्रसंग पडला तेव्हा भिकार शेवयाही कुरकुर न करता गिळू शकला. रसिकता आणि सोशिकता या दोन गोष्टी परस्परविरोधी नाहीत, हे या एका वाडग्याने दाखविले. ११०१ साली माफी मिळून परतताना चांगझोऊ येथे त्याचे निधन झाले.

त्यानंतर पाव शतकातच सबंध राजधानीवर हद्दपारीची पाळी आली. ११२७ साली उत्तरेच्या जुर्चेन टोळ्यांनी काइफंग काबीज केले. राजघराण्याचा एक पुत्र दक्षिणेस निसटला आणि ११३८ साली डोंगपोच्या हांगझोऊलाच नवी राजधानी झाली. त्याच्या पाठोपाठ लक्षावधी लोक दक्षिणेत आले. दक्षिण भाताची, आलेले लोक गव्हाचे. घर गेले, शेत गेले, तरी जिभेची सवय गेली नाही. गव्हाला इतकी मागणी आली की त्याचे भाव भडकले. झुआंग चुओ या समकालीन लेखकाच्या नोंदीप्रमाणे, कुळांना खंड शरद ऋतूतील भातपिकावरच द्यावा लागे आणि गव्हाचे उत्पन्न त्यांचेच राही. त्यामुळे भातानंतर गहू पेरण्याची दक्षिणेत चढाओढ लागली. निर्वासितांच्या भुकेने अशा रीतीने दक्षिणेच्या शेतीचे वेळापत्रक बदलले. हांगझोऊच्या रस्त्यांवर काइफंगच्या धर्तीच्या शेवयांच्या खाणावळी उघडल्या. मंग युआनलाओने आपल्या आठवणींची प्रस्तावना ११४७ साली लिहिली, ती अशाच परागंदा अवस्थेत.

उत्तरेकडून दक्षिणेत सरकत गेलेल्या लोकांपैकी एका समाजाला हक्का हे नाव पडले. या शब्दाचा अर्थच पाहुणी घराणी असा आहे. शतकानुशतके ज्या मुलखात राहिले तेथेही ते पाहुणेच मानले गेले. डोंगराळ भागात राहणाऱ्या या लोकांनी डुकराचे पोटाकडचे मांस आणि खारवून वाळविलेली मोहरीची पाने एकत्र वाफवून तासन्‌तास मुरविण्याची रीत जोपासली. खारवलेली भाजी टिकते आणि प्रवासात साथ देते. हेच हक्का लोक पुढे कलकत्त्यास येऊन स्थायिक झाले आणि टांगरा भागात त्यांनी चामडे कमावण्याचा धंदा केला. आज मुंबई-पुण्यापासून इंदूर-हैदराबादपर्यंत हातगाड्यांवर हक्का नूडल्स ही पाटी दिसते. ती वाचणाऱ्या फारच थोड्यांना ठाऊक असते की त्या शब्दात एका समाजाचे बेघरपण साठविलेले आहे.

जपानातही हीच कथा घडली. नागासाकी बंदरात आलेल्या चिनी व्यापाऱ्यांमुळे तेथे काकुनी हा चौकोनी तुकड्यांचा मुरविलेला मांसप्रकार रुजला. ओकिनावा बेटांवर त्याचेच भावंड स्थानिक तांदळाच्या दारूत शिजते. १९१० साली तोक्योच्या आसाकुसा भागात रायराइकेन हे दुकान निघाले. तेथे योकोहामाच्या चिनी वस्तीतून आणलेले आचारी होते. शेवया, रस्सा आणि वर मांसाचा काप, असा जो वाडगा रामेन या नावाने जगप्रसिद्ध झाला, त्याच्या प्रसारात या दुकानाचा मोठा वाटा आहे. आपल्याकडील गोव्याच्या स्वयंपाकाची आठवण येथे साहजिक आहे. पोर्तुगीज खलाशांबरोबर आलेले मद्य-लसणातले मांस गोव्यात माडाच्या शिरक्यात पडले आणि विंदालू झाले. सोरपोतेल तर आज केले की उद्या-परवा अधिक रुचकर लागते, असे सांगतात. परक्या भूमीतून आलेली रीत स्थानिक जिन्नसात मुरली की ती तेथलीच होते.

१९५८ साली जपानात मोमोफुकु आंदो याने तळून वाळविलेल्या, गरम पाणी ओतताच तयार होणाऱ्या शेवया विक्रीस आणल्या. युद्धानंतरच्या टंचाईत रस्त्यावर शेवयांसाठी लागलेल्या रांगा त्याने पाहिल्या होत्या. या शोधाने असंख्य भुकेल्यांची सोय झाली, हे निर्विवाद. तथापि वाडग्यातील दोन काळांपैकी एकच त्यात उरला. घाई पुडीत बांधता आली. धीर बांधता आला नाही. तो अजूनही ज्याचा त्याला चुलीपाशी बसूनच मिळवावा लागतो.

हुआंगझोऊच्या त्या पडीक उतारावर डोंगपोने केले ते एवढेच. लोकांनी टाकलेले मांस घेतले, सरकारने टाकलेला स्वतःचा वेळ घेतला आणि दोन्ही दबल्या विस्तवावर ठेवले. ज्या मंत्र्यांनी त्याला हद्दपार केले त्यांची नावे आज इतिहासाच्या विद्यार्थ्यांना पाठ करावी लागतात. डोंगपोचे नाव मात्र चीनमधील लहान मूलही जेवताना घेते.